डोकं चीनचं, अर्थ इंग्रजांचा

ईशान्य चीनमध्ये दाचिंगला १९५९ साली तेल लागलं. पुढे तिथल्या सपाट माळावर लोखंडी पंप ओळीने उभे राहिले आणि दिवसरात्र डोकं खाली-वर करत तेल उपसू लागले. इंग्रजीत अशा पंपाला गमतीने ‘मान डोलावणारं गाढव’ म्हणतात. चिनी बोलीत त्याचं नाव ‘खथोउची’, म्हणजे डोकं टेकवणारं यंत्र. उताणा पडला की ‘टक्’ आवाज करून उसळी घेणारा आणि सुलटा होणारा एक काळपट किडा असतो. पोरं त्याला चिमटीत धरतात आणि तो मान खाली-वर आपटत राहतो. तो ‘खथोउछोंग’, डोकं टेकवणारा किडा. आणि भीतीपोटी कुणी पटापट जमिनीवर कपाळ आपटू लागला, तर तो ‘लसूण कुटल्यासारखं डोकं टेकवतोय’ असं म्हणायची पद्धत आहे.

याच घराण्यातलं एक क्रियापद इंग्रजीत गेलं आणि तिथे स्थायिक झालं: काउटाउ. पण जाताना त्याने पंप, किडा, लसूण सगळं मागे सोडलं. इंग्रजीत या क्रियापदाला एकच काम उरलं आहे. कुणीतरी बलवान असतो, आणि दुसरा कुणीतरी लाज सोडून त्याच्यापुढे वाकतो. ‘मंत्रिमहोदय तेल कंपन्यांना काउटाउ करणार नाहीत’, ‘संपादकाने जाहिरातदारांपुढे काउटाउ केलं’, अशी वाक्यं इंग्रजी वर्तमानपत्रांत सर्रास येतात. त्यात जमीन नाही, गुडघा नाही, कपाळही नाही. आहे ती फक्त बोलणाऱ्याची तुच्छता.

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी माणसाची इथे मोठी पंचाईत होते. परक्या भाषेतला शब्द पाठ करायला तो बसतो आणि समोर घरातलाच माणूस उभा. चेहरा ओळखीचा, त्यामुळे स्वभाव विचारायची गरज वाटत नाही. इंग्रजी-चिनी शब्दकोश उघडला तर पहिला अर्थ सरळ ‘डोकं टेकवणं’ असा दिलेला असतो आणि ‘लाचारी करणं’ हा त्याच्या मागून येतो. नववर्षाच्या सकाळी आजोबांपुढे डोकं टेकवून आलेला मुलगा निबंधात भाबडेपणाने लिहून जातो की आम्ही दरवर्षी आजोबांना काउटाउ करतो. वाचणाऱ्या इंग्रजाच्या डोळ्यांपुढे मात्र एक जुलमी म्हातारा आणि त्याच्या धाकात वाकलेलं घर उभं राहतं. मराठी वाचकाला हे समजायला फारसं अवघड नाही. आपलं ‘लोटांगण’ एकाच दिवशीच्या पेपरात पंढरपूरच्या बातमीतही येतं आणि दिल्लीपुढे वाकलेल्या पुढाऱ्याच्या बातमीतही येतं. पहिल्यात भक्ती, दुसऱ्यात टोमणा. फरक इतकाच की आपल्याकडे दोन्ही अर्थ एकाच भाषेत नांदतात. काउटाउच्या नशिबी वाटणी आली: भक्ती चिनीत राहिली, टोमणा इंग्रजीत गेला.

आधी व्याकरण, कारण घोटाळ्याची पहिली पायरी तीच आहे. चिनीत हा जोडशब्द आहे आणि त्याचे दोन तुकडे वाक्यात सहज वेगळे होतात. आधी ‘आपटणं’, मग ‘डोकं’. मधल्या फटीत काळ, संख्या काय हवं ते बसतं. ‘गेई येये ख-ल सान-ग थोउ’, शब्दशः ‘आजोबांना आपटली तीन डोकी’. डोकी मोजता येतात: एक, तीन, नऊ. ज्याच्यापुढे टेकवायचं तो माणूस क्रियापदाच्या आधी येतो. इंग्रजीत हे दोन तुकडे असे सांधले गेले की मध्ये टाचणीही शिरत नाही. भूतकाळाचा ‘एड’ पार शेवटी चिकटतो आणि ज्याच्यापुढे वाकायचं तो ‘टू’ला धरून मागून येतो. कर्म थेट लावायची सोय नाही, त्यामुळे ‘टू’ गाळणं ही चिनी विद्यार्थ्यांची हातखंडा चूक. आणखी एक बदल सहज नजरेत येत नाही. चिनी क्रिया घडते आणि संपते. माणूस उठून गुडघे झटकतो. इंग्रजी काउटाउ वर्षानुवर्षं चालू राहू शकतं, ते धोरण असू शकतं, आख्ख्या खात्याची सवय असू शकतं.

उच्चाराची गोष्टही पाहण्यासारखी आहे. चिनीत डोकं टेकवण्याला दोन जुळे शब्द आहेत. एक ‘खोउथोउ’, दुसरा ‘खथोउ’. पहिल्यातलं ‘खोउ’ दारावर थाप मारण्यालाही चालतं; त्याच्या अक्षरात डावीकडे तोंडाची चौकट असते आणि उच्चार तीच सुचवते. दुसऱ्यातल्या ‘ख’च्या डावीकडे दगडाची खूण असते. कठीण वस्तूवर काहीतरी आपटणं, असा त्याचा मूळ भाव. चिलमीतली राख झाडायला ती कशावर तरी ठोकतात, त्यालाही हेच क्रियापद. पहिला शब्द जरा पोशाखी, दुसरा रोजच्या तोंडचा. पंप आणि किडा दोघेही दुसऱ्याच्या गोतावळ्यातले.

इंग्रजांनी कुठला उचलला? जुन्या पुस्तकांत स्पेलिंगचा सुळसुळाट आहे. कुणी ‘को-टाउ’ लिहितं, कुणी ‘को-टू’. ही रूपं उत्तरेकडच्या बोलीला जवळची वाटतात. शेवटी टिकलं ते मात्र ‘काउ’ म्हणजे गायीशी यमक जुळवणारं रूप, आणि ते कँटनी बोलीतल्या ‘खाउथाउ’शी जवळजवळ जुळतं. यात नवल नाही. १७५७ पासून १८४२ पर्यंत समुद्रमार्गे येणाऱ्या युरोपीय व्यापाऱ्यांना चीनमध्ये कँटन हे एकच बंदर मोकळं होतं. चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी आणि चिनी शब्द, सगळं त्याच दारातून बाहेर पडत होतं. दरबार उत्तरेचा आणि बंदर दक्षिणेचं. या शब्दावर दोघांचेही शिक्के असावेत असं मला वाटतं.

आता मूळ विधी. चिंग राजवटीच्या दरबारातलं पूर्ण रूप ‘तीन वेळा गुडघे, नऊ वेळा डोकं’ असं. विधी सांगणारा अधिकारी बाजूला उभा राहून मोठ्याने पुकारा करायचा. ‘गुडघे टेका’ म्हटलं की दोन्ही गुडघे जमिनीवर. ‘डोकं टेकवा’ म्हटलं की तळहात जमिनीला, कपाळ जमिनीला, पुन्हा कंबरेपासून वर. ‘पुन्हा’, मग ‘तिसऱ्यांदा’. मग ‘उठा’, की सरळ उभं राहायचं आणि सगळं पहिल्यापासून. असं तीनदा. शेकडो माणसं एका लयीत खाली जाताहेत आणि एका लयीत वर येताहेत, असा तो देखावा असे.

हे सगळं सम्राटापुढे करायचं, पण खुद्द सम्राटाचीही यातून सुटका नव्हती. हिवाळ्यात दिवस सगळ्यात लहान असतो तेव्हा तो बीजिंगच्या दक्षिणेच्या वेदीवर आकाशापुढे डोकं टेकवायचा. आपल्या आईपुढे टेकवायचा. १६८४ मध्ये खांगशी सम्राट कन्फ्यूशियसच्या गावी, छुफूला गेला आणि तिथल्या देवळात त्याने तीन गुडघे-नऊ डोकी हा पूर्ण विधी केला. एका अफाट साम्राज्याचा धनी दोन हजार वर्षांपूर्वी वारलेल्या एका शिक्षकापुढे नऊ वेळा कपाळ टेकवतो, हे ‘लाचारी’ या इंग्रजी अर्थात कुठे बसवायचं? फार जुन्या ‘चौ-ली’ या विधिग्रंथात नमस्काराचे नऊ प्रकार सांगितले आहेत. डोकं जमिनीवर किती वेळ ठेवायचं, लगेच उचलायचं की थांबायचं, यावरून कोण कोणापुढे वाकतोय ते कळायचं. पत्राच्या शेवटी सही करताना विद्वान मंडळी ‘तुनशोउ’ म्हणजे ‘डोकं आपटून’ असं लिहीत. आपल्याकडच्या जुन्या पत्रांत ‘शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असायचं, त्याच जातीचं हे. लिहिणारा त्या क्षणी जमिनीवर पालथा पडलेला असतो असं कुणी समजत नाही.

म्हणून हा सगळा निव्वळ सोज्वळ मामला होता असंही नाही. १६३७ मध्ये कोरियाचा राजा इंजो मांचू सैन्यापुढे हरला. हान नदीकाठी सामजोनदो इथे त्याला मांचूंचा सम्राट होंग ताइजी याच्यापुढे तीन गुडघे-नऊ डोकी करावी लागली. त्या प्रसंगाचा शिलालेख सोलमध्ये अजून उभा आहे आणि कोरियन माणसाला तो आजही बोचतो. तेव्हा विधी तोच, पण कोण कोणापुढे आणि कुठल्या परिस्थितीत करतोय यावर सगळं ठरायचं. मुलाने आईपुढे केला तर प्रेम, सम्राटाने आकाशापुढे केला तर धर्म, जिंकलेल्याने हरलेल्याकडून करून घेतला तर नाक घासणं. इंग्रजीने या साऱ्या पसाऱ्यातून शेवटचं तेवढं उचललं. का, ते कळायला एका वकिलातीची गोष्ट पाहावी लागते.

लॉर्ड जॉर्ज मॅकार्टनी हा गृहस्थ १७८१ ते १७८५ मद्रासचा गव्हर्नर होता. ईस्ट इंडिया कंपनीला चिनी चहा हवा होता आणि त्या बदल्यात घ्यावं असं चीनला इंग्रजांकडचं फारसं काही दिसत नव्हतं. व्यापाराची दारं उघडा, बीजिंगमध्ये आमचा वकील राहू द्या, अशा मागण्या घेऊन सप्टेंबर १७९२ मध्ये मॅकार्टनी ‘लायन’ या लढाऊ जहाजातून निघाला. ते निघण्याआधीच लंडनमध्ये जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराचं एक चित्र बाजारात आलं होतं. सम्राट लोडाला रेलून हुक्का ओढतोय, मॅकार्टनी एका गुडघ्यावर आहे आणि त्याच्या मागची इंग्रज मंडळी ढुंगणं वर करून जमिनीला नाक लावून पडली आहेत. म्हणजे भेट घडण्याआधी वर्षभर तिची टिंगल छापून झाली होती. माझ्या मते या क्रियापदाचा अर्थ ठरला तो इथे, त्या चित्रातल्या वर झालेल्या ढुंगणांत. शब्द मागाहून आला.

पुढच्या वर्षी चीनमध्ये पोचल्यावर आठवडेच्या आठवडे एकाच प्रश्नावर घासाघीस चालली: हा माणूस डोकं टेकवणार की नाही? चिनी अधिकारी गोड बोलून पाहत, सराव करून दाखवत, पायाला घट्ट बसणाऱ्या इंग्रजी विजारींमुळे अडचण होत असेल तर सैल कपडे घाला असंही सुचवत. मॅकार्टनीने एक तोड काढली. मी तुमच्या सम्राटापुढे डोकं टेकवतो, पण माझ्या तोलाच्या चिनी अधिकाऱ्याने माझ्या राजाच्या चित्रापुढे तेच करावं. राजा तिसरा जॉर्ज याचं तैलचित्र त्याने बरोबर आणलंच होतं. चिनी दरबाराच्या नजरेतून हे म्हणजे भलतंच. स्वर्गाचा पुत्र एकच असतो. त्याच्या बरोबरीला दुसरा राजा बसवायचा तरी कसा?

अखेर असं ठरलं की वकिलाने आपल्या राजापुढे जे केलं असतं तेच इथे करावं. इंग्लंडच्या दरबारात एक गुडघा टेकून राजाच्या हाताचं चुंबन घेतात. गुडघ्याला चिनी तयार झाले, पण चुंबनाला मात्र मुळीच नाही. सम्राटाचा हात कुणी ओठांना लावायचा, ही कल्पनाच त्यांना किळसवाणी वाटली. १४ सप्टेंबर १७९३ रोजी पहाटे जेहोलच्या उन्हाळी राजवाड्याच्या बागेत, एका मोठ्या तंबूत भेट झाली. तुतीच्या रंगाची मखमल, वर हिऱ्याचा तारा आणि झगा, अशा थाटात मॅकार्टनी आला. हातात राजाचं पत्र ठेवलेली हिरेजडित सोन्याची पेटी. तो एका गुडघ्यावर बसला आणि ती पेटी त्याने ऐंशी ओलांडलेल्या छियेनलोंग सम्राटाच्या हाती दिली. वकिलातीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचा, स्टॉन्टनचा, बारा वर्षांचा मुलगा सोबत होता. प्रवासात तो दुभाष्यांकडून थोडी चिनी शिकला होता. सम्राटाला कळल्यावर त्याने मुलाला जवळ बोलावलं, दोन वाक्यं बोलायला लावली आणि खूश होऊन कमरेची पिवळी थैली काढून त्याला दिली. मागण्या मात्र सगळ्या फेटाळल्या गेल्या. तुमच्या देशाच्या मालाची आम्हाला गरज नाही, असं सम्राटाने राजाला कळवलं.

आता गंमत पाहा. एका गुडघ्यावर बसून माणसाच्या हाताचं चुंबन घेणं इंग्रजांना राजनिष्ठा वाटत होतं आणि दोन्ही गुडघ्यांवर बसून कपाळ टेकणं गुलामी. वाकणं दोन्हीकडे होतं. वाद फक्त किती वाकायचं याचा. पण इंग्रजीने स्वतःच्या दरबारी गुडघ्यापासून कुणाला हिणवणारं क्रियापद काढलं नाही.

मॅकार्टनीच्या पाठोपाठ डच आले. आयझॅक टिट्सिंग आणि व्हॅन ब्राम या दोघांची वकिलात १७९५ च्या सुरुवातीला बीजिंगला पोचली. त्यांनी अजिबात खळखळ केली नाही. सम्राटापुढे टेकवलं, सम्राटाने पाठवलेल्या खाण्याच्या भेटीपुढेही टेकवलं. व्हॅन ब्राम अंगाने जाडजूड. वाकताना त्याची टोपी पडली आणि सम्राटाला हसू आलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. एवढं करूनही पदरात पडलं काय, तर काहीच नाही. इंग्रजांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. मॅकार्टनीसोबत गेलेल्या जॉन बॅरोचं चीनच्या प्रवासाचं पुस्तक १८०४ मध्ये आलं. न वाकलेले इंग्रज आणि वाकलेले डच, दोघेही रिकाम्या हाताने परतले. पण आमची मान तरी ताठ राहिली, असा त्यातला सूर. इंग्रजी छापील पानावर हा शब्द नाम म्हणून प्रथम सापडतो तो याच साली.

१८१६ मध्ये इंग्रजांचा वकील म्हणून लॉर्ड ॲम्हर्स्ट चीनला गेला. त्याच्यासोबत सल्लागार म्हणून होता तोच स्टॉन्टनचा मुलगा, आता पस्तिशीतला. त्याने डोकं न टेकवण्याचा सल्ला दिला. रात्रभर खडबडीत रस्त्याने गाडीतून हादरे खात ही मंडळी पहाटे बीजिंगजवळच्या उन्हाळी राजवाड्याशी पोचली आणि तशीच तडक चियाछिंग सम्राटापुढे चला म्हणून त्यांची ओढाताण सुरू झाली. सामान मागे, अंगावर धुळीने भरलेले कपडे. दमलोय, आजारी आहे, असं सांगून ॲम्हर्स्टने नकार दिला. सम्राट संतापला आणि वकिलातीला त्याच दिवशी परत पाठवण्यात आलं. परतीच्या वाटेवर त्यांचं जहाज फुटलं. पुढे सेंट हेलेना बेटावर त्याची नेपोलियनशी गाठ पडली, तेव्हा नेपोलियनचं मत पडलं ते चिनी बाजूने. ज्या दरबारी जाल तिथली रीत पाळा, असं त्याचं म्हणणं.

ॲम्हर्स्ट आपल्या इतिहासातही येतो. १८२३ मध्ये तो हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल झाला. १८२७ मध्ये दिल्लीत बादशहा दुसरा अकबर याला भेटायला गेला तेव्हा त्याने नजराणा दिला नाही आणि बादशहासमोर खुर्चीवर बसला. त्याआधी मोगल दरबारात इंग्रज उभे राहत आणि नजर पेश करत. बीजिंगमध्ये ज्याला हाकललं होतं तोच माणूस अकरा वर्षांनी लाल किल्ल्यात खुर्ची मांडून घेतो. चीनमध्ये अजून जमत नव्हतं ते इथे जमलं, कारण इथे तोफा इंग्रजांच्या होत्या.

ॲम्हर्स्टच्या चीनमधल्या फजितीनंतर दहा वर्षांनी, १८२६ मध्ये, हा शब्द क्रियापद म्हणून छापील इंग्रजीत उतरला. बेंजामिन डिझरायली, जो पुढे पंतप्रधान झाला, त्या वेळी एकविशीत होता. त्याच्या ‘व्हिव्हियन ग्रे’ या पहिल्या कादंबरीत एका इंग्रज उमरावाचं लवून-लवून वागणं टिपताना त्याने हे क्रियापद वापरलं. सर्वात जुना दाखला म्हणून शब्दकोश हाच देतात. चिनी वाचकाने इथे जरूर थांबावं. क्रियापद म्हणून हाती लागलेला हा पहिलाच वापर चीनमधल्या कुणाबद्दल नाही. तो एका इंग्रज उमरावाबद्दल आहे, आणि थट्टेचा आहे. इंग्रजीत या क्रियापदाला आधी खरा अर्थ होता आणि मग तो बिघडला, असं नव्हे. क्रियापद जन्मलं तेच टोमणा म्हणून.

या शब्दाने पुढे एक वेगळंच ओझं वाहिलं. इंग्रज आणि चीन यांच्यात अफूचं युद्ध चालू असताना, डिसेंबर १८४१ मध्ये, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी बॉस्टनमध्ये व्याख्यान दिलं आणि ठामपणे सांगितलं की या युद्धाचं कारण अफू नव्हे, काउटाउ आहे. बॉस्टनच्या बंदरात फेकलेला चहा हे जसं अमेरिकन क्रांतीचं खरं कारण नव्हतं, तशीच ही अफू. खरं दुखणं आहे ते बरोबरीने वागवायला नकार देणाऱ्या चिनी उद्दामपणाचं. हे ऐकून त्या काळच्या अमेरिकनांनाही ठसका लागला. एका नामांकित नियतकालिकाने तो मजकूर छापायचं नाकारलं. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून कँटनकडे जात होती आणि त्या पैशावर मुंबईत पेढ्या उभ्या राहत होत्या. ते सगळं बाजूला सारून एका नमस्कारावर युद्धाचं खापर फोडायचं, ही चलाखी मला तरी पचत नाही. पण तिने शब्दाला धार दिली हे नक्की.

उरलेला इतिहास थोडक्यात. १८५८ च्या तिआनजिनच्या तहात इंग्रज वकिलाला कमीपणा आणणारा कुठलाही विधी करायला लावू नये असं कलम घातलं गेलं. १८७३ मध्ये तरुण थोंगची सम्राटाने परदेशी वकिलांना भेट दिली, तेव्हा ते नुसते लवले. त्यांत सर्वांत आधी भेट मिळाली ती जपानचा वकील सोएजिमा याला. १९१२ मध्ये प्रजासत्ताक आलं आणि सरकारी शिष्टाचार म्हणून डोकं टेकवणं बंद झालं, त्या जागी टोपी काढून कंबरेत वाकणं आलं. सांस्कृतिक क्रांतीच्या दिवसांत हा प्रकार सरंजामी कचरा म्हणून हिणवला गेला.

तरी तो मेला नाही. शानतोंगच्या खेड्यांत नववर्षाच्या पहाटे तरुण मंडळी घरोघरी जाऊन वडीलधाऱ्यांपुढे डोकं टेकवतात. कुस्तीचा वा विनोदी जुगलबंदीचा उस्ताद शिष्य स्वीकारतो तेव्हा शिष्य टेकवतो. अंत्यविधीत आणि पूर्वजांच्या थडग्यापाशी तर टेकवतातच. ल्हासाच्या वाटेवर तिबेटी यात्रेकरू आख्खं शरीर जमिनीवर पसरत, उठत, पुन्हा पसरत मैलोनमैल जातात. आपण त्याला दंडवत म्हणू. चिनीत त्याचं नाव ‘लांब डोकं टेकवणं’. आणि ग्वांगतोंग-हाँगकाँगच्या चहाच्या टेबलावर याचं सगळ्यात छोटं रूप दिसतं. शेजारी तुमच्या कपात चहा ओततो, तुम्ही गप्पांत आहात, ‘आभारी आहे’ म्हणायला थांबायचं नसतं. तर्जनी आणि मधलं बोट दुमडून त्यांच्या पेरांनी टेबलावर दोन-तीनदा टकटक केलं की झालं. दुमडलेली बोटं म्हणजे गुडघे. दंतकथा अशी की वेश बदलून हिंडणाऱ्या सम्राटाने सोबतच्या सेवकाला स्वतः चहा ओतला. डोकं टेकवावं तर बिंग फुटणार, म्हणून सेवकाने बोटांनी टेकवलं. सम्राट कोण? तोच, मॅकार्टनीचा छियेनलोंग. कथा खरी असेल-नसेल, टकटक रोज ऐकू येते.

मग चिनी माणसाला ‘लाचारी’ म्हणायची असते तेव्हा तो काय म्हणतो? बहुधा डोक्याकडे जातच नाही. कंबर आणि गुडघा यांच्याकडे वळतो. इ. स. ४०५ मध्ये थाओ युआनमिंग हा कवी फंगत्सच्या छोट्या अधिकारपदावरून घरी निघून गेला. पाच मापं तांदळाच्या पगारासाठी मी कंबर वाकवणार नाही, असं तो म्हणाल्याचं सांगतात, आणि तेव्हापासून ‘पाच मापं तांदळासाठी कंबर न वाकवणं’ हा वाक्प्रचार झाला. इंग्रजीतल्या ‘काउटाउ करायला नकार दिला’ला चिनीत याहून चपखल काही नाही. दुसरा वाक्प्रचार ‘देह लववून गुडघे वाकवणं’. पुरुषाच्या गुडघ्याखाली सोनं असतं, असंही म्हणतात. ते कुठेही टेकवायचे नसतात. वरिष्ठांपुढे गोंडा घोळणाऱ्याला ‘घोड्याचं ढुंगण थोपटणारा’ म्हणतात. डोकं टेकवण्याचा लाक्षणिक वापर होतो तो विनवणीसाठी. ‘तुझ्यापुढे डोकं टेकवतो बाबा’ म्हणजे आपलं ‘पाया पडतो, पण एवढं कर’. त्यात काकुळत असते, तिरस्कार नसतो.

चिनी कादंबऱ्या इंग्रजीत आणणाऱ्यांना हा गुंता रोज सोडवावा लागतो. घरात नव्याने आलेली नात आजीपुढे डोकं टेकवते. इथे इंग्रजी क्रियापद ‘टू’सकट वापरलं तर नात एकदम धूर्त आणि लोचट दिसू लागते. यावर एक साधी वाट आहे. क्रियापद टाळायचं आणि नाम घ्यायचं: तिने आजीला तीन काउटाउ ‘केले’. इंग्रजीत नाम झालं की विधी परत येतो, मोजणी परत येते आणि टोमणा बराचसा गळून पडतो. चिनी विद्यार्थ्याने आजोबांवरच्या निबंधात हेच करावं. क्रियापद ठेवून द्यावं राजकारणी, संपादक आणि कंपन्यांचे संचालक यांच्यासाठी. त्यांच्यापुरती त्याची गरज काही लवकर संपणार नाही.